फोन येण्याआधीची टिकटिक

बसा हो, उभे का? शिट्टी कुठून येते ते मला कळलंय, पण तारेला डाग द्यायची सोल्डरगन तापायला वेळ लागतो. तोवर चहा घ्या.

गाडी सुरू केली की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की तीही चढते, असंच ना? मग ती अल्टरनेटरची, बॅटरी चार्ज करतो ना, त्याची. दहातल्या आठ गाड्यांत अर्थिंगचीच भानगड असते. कुणीतरी पत्र्याला जोडायची अर्थची तार रंगावरच बोल्टखाली दाबलेली असते. रंग खरवडायचा, पत्रा उघडा करायचा, तार घट्ट बसवायची, झालं. तेवढे कष्ट नको असले तर एक फिल्टर मिळतो, काड्यापेटीएवढा. तो मध्ये घातला की आवाज दबतो. दबतो म्हणालो मी, जातो नाही म्हणालो.

आणि फोन तेवढा बाहेर कठड्यावर ठेवा. बंद नका करू, आवाज मोठा करून ठेवा. वाजला तर हातातलं काम टाकून मी स्वतः तुम्हाला आणून देईन. हसू नका. यामागे एक गोष्ट आहे आणि ती काही मिरवण्यासारखी नाही.

हे दुकान माझं नव्हे, माझ्या दादाचं. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. मला या धंद्यातलं ओ की ठो येत नव्हतं तेव्हा त्यानं मला हाताला धरून शिकवलं. त्याची पद्धत एकच. आवाज जिथून ऐकू येतो तिथं तो कधीच नसतो, म्हणून एकेक गोष्ट सोडवत मागं मागं जायचं. आधी सिग्नलची तार काढ, मग फ्यूज काढ, मग अर्थ बघ. मूळ सापडेपर्यंत गाडी सोडायची नाही, गिऱ्हाईक कितीही कावलं तरी. फिल्टरचा त्याला भारी राग. म्हणायचा, "दुखऱ्या दातावर लवंग धरतोस तू. दात काढ ना!"

दुसरा नियम फोनचा. बटणांचे फोन होते तेव्हाचं सांगतोय. फोन जवळ असला की तो वाजण्याआधी दोन-तीन सेकंद स्पीकर टिकटिकायचा, आठवतं? टिट्टिट्... टिट्टिट्... आणि मग एकसारखी घरघर. फोन लावतानाही तसंच. आवाज शोधताना मध्येच ही टिकटिक आली की माणूस साप साप म्हणून भुई धोपटत बसतो. म्हणून दादानं दाराशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला होता. काम सुरू करायच्या आधी दोघांचे फोन मुके करून त्या डब्यात टाकायचे आणि झाकण लावायचं.

आमचं बिनसलं ते एका फिल्टरवरून. मी फिल्टर लावून दिलेली एक गाडी महिन्याभरात परत आली, शिट्टी जशीच्या तशी. दादानं गिऱ्हाइकासमोरच पॅनेल उघडलं, फिल्टर चिमटीत धरून वर केला आणि म्हणाला, "आमच्या धाकट्यानं रोग रेड्याला आणि औषध पखालीला दिलंय." गिऱ्हाईक खो खो हसलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या संध्याकाळी मी त्याला नाही नाही ते बोललो. तुझ्या दुकानात नोकर म्हणून राहायचं नाही मला, असंही म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला. दादानं आपला मीटर आणि पक्कड घेतली, किल्ल्या बाकावर ठेवल्या आणि म्हणाला, "मग तूच मालक हो." त्यानंतर तो लोकांच्या दारात जाऊन कामं करायला लागला. तीन आठवडे आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही.

चौथ्या आठवड्यात तो दिवस आला.

मी दुकानात एकटाच होतो. बाकावर एक स्पीकर जोडून तपासत होतो, फोन डब्यात. पावणेसहाला काही मिनिटं असतील. स्पीकर टिकटिकला. डब्यानं टिकटिक पुरती अडायची नाहीच, डबा म्हणजे दादाचं समाधान होतं. मी जाऊन झाकण उघडलं. पडद्यावर 'दादा'.

मला वाटलं, आलं प्रवचन. कुठल्यातरी गिऱ्हाइकाकडे माझं काम उघडून बघितलं असेल आणि आता सुनवायला फोन केला असेल. मी झाकण लावलं.

चार मिनिटांनी पुन्हा टिकटिक. मी बघितलंसुद्धा नाही. डबा उचलला, मागच्या खोलीत जुन्या बॅटऱ्यांच्या मागं नेऊन ठेवला आणि बाहेरून कडी घातली. मनात म्हणालो, बोंबल आता.

खरंच असं म्हणालो हो मी. माझ्या सख्ख्या भावाला.

दादाच्या छातीत कळ आली होती. घरी जाताना त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली होती, कारखान्याच्या लांबलचक भिंतीशी. तिथून हे दुकान पाच मिनिटांवर आहे, म्हणून त्यानं मला फोन लावला. सहाच्या सुमारास कुणा वाटसरूनं त्याला बघितलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, सहा दहा, आणण्यापूर्वीच मृत. त्याचा फोन कुठं गेला ते कळलंच नाही. गर्दीत कुणीतरी लांबवला असणार.

मला सात वाजता निरोप आला. जायच्या आधी मागची कडी काढून डबा उघडला. तीन मिस्ड कॉल. पाच एकेचाळीस, पाच पंचेचाळीस, पाच छपन्न. मी फोन बंद केला आणि बाकाच्या खणात टाकला. पुढं नवा फोन, नवा नंबर घेतला. लोकांना सांगितलं, जुना बिघडला.

वहिनी त्या दिवसांत जो येईल त्याला एकच विचारत होत्या. "तुम्हाला त्यांचा फोन आला होता का?" मलाही विचारलं. मी म्हणालो, नाही.

आता यातली खरी गोम ऐका. त्या दिवशी वहिनींच्या फोनची बॅटरी उतरली होती. ऑफिसात चार्जर नव्हता, फोन दुपारपासून बंद. त्यांनी मनाशी धरून ठेवलं की दादा त्यांनाच फोन लावत असणार आणि तो लागत नसणार. फोन कंपनीत गेल्या तर तिथल्या माणसानं अर्ज आणा, पोलिसांचं पत्र आणा, असं सुरू केलं. त्यांच्यात तेवढं त्राण उरलं नव्हतं. एक शब्द मी बोललो असतो तर त्या सुटल्या असत्या. पण तो शब्द म्हणजे माझ्या गळ्यात धोंडा. मी गप्प बसलो आणि माझं ओझं त्या वाहत राहिल्या. दोन महिन्यांत निम्म्या झाल्या.

मग एक दिवस दादाची गाडी घेऊन त्या माझ्या दारात. ऑफिसला जायला आता त्याच ती चालवत होत्या.

"भावजी, गाडीत दोन आवाज येतात," त्या म्हणाल्या. "एक शिट्टी. इंजिनाबरोबर वाढते."

"आणि दुसरा?"

"तो संध्याकाळी येतो. ऐकून बघा. फक्त... फिल्टर लावू नका. कुठून येतो तेवढं मला सांगा."

शिट्टी मी अर्ध्या तासात काढली. सीटखाली अर्थचा बोल्ट गंजला होता, तो घासला. लोकांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याची स्वतःची गाडी नेहमी अशीच असते. मग मी वाट बघत बसलो.

पाच एकेचाळीसला गाडीचा डाव्या दारातला स्पीकर टिकटिकला.

टिट्टिट्... टिट्टिट्... आणि घरघर. अर्ध्या मिनिटानं तुटली.

किल्ली माझ्या खिशात होती. इंजिन बंद, टेप बंद. नवा फोन बाहेर कठड्यावर, वीस पावलांवर. मी स्वतःला समजावलं, बाहेरून कुणी फोनवर बोलत गेलं असेल. पाच पंचेचाळीसला पुन्हा आवाज आला. पाच छपन्नला तिसऱ्यांदा. हातातला स्क्रू ड्रायव्हर तिथंच टाकून मी दुकान बंद केलं आणि घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी मी दादाच्या पद्धतीनं गेलो, एकेक सोडवत. सिग्नलच्या तारा काढल्या. आवाज आला. ॲम्प्लिफायरचा फ्यूज काढला. आवाज आला. तिसऱ्या दिवशी बॅटरीची दोन्ही टोकं सोडली, स्पीकर दारातून काढून इथं या बाकावर ठेवला. त्याच्या दोन्ही तारा हवेत लोंबत होत्या. कशाला म्हणून जोडलेल्या नव्हत्या. दुकानात जळक्या सोल्डरचा वास, बाहेर रहदारी, उजेड चांगला लख्ख. पाच एकेचाळीसला त्या स्पीकरचा कागद थरथरायला लागला. मी त्यावर बोट ठेवलं. बोटाला कळत होतं... टिट्टिट्... टिट्टिट्...

तोवरच्या धंद्यात मूळ न सापडलेला आवाज मला माहीत नव्हता. यातलं मूळ मला पहिल्या दिवशीच सापडलं होतं. ते बाकाच्या खणात पडलं होतं.

आणि तरी मी काय केलं असेल? नवे स्पीकर बसवले, त्यावर दोन-दोन फिल्टर ठोकले आणि वहिनींना सांगितलं, "जवळपास टॉवर झालाय एखादा. त्याची लहर येत होती. आता नाही येणार." वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि गाडी नेली.

आठ दिवसांनी त्या पुन्हा आल्या. साडेपाच वाजले होते. गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं, पण उतरल्या नाहीत. मी बाजूच्या सीटवर जाऊन बसलो.

"नव्या स्पीकरमध्येही येतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"वहिनी, मी पुन्हा बघतो..."

"नको. आता मला त्याची सवय झालीय. रोज पाच चाळीसला गाडी बाजूला घेते आणि फोन हातात धरून बसते." त्यांनी मूठ उघडून दाखवली. फोन घामानं ओला झाला होता. "टिकटिक आली की वाटतं, आता वाजेल. आज मी उचलीन. त्या दिवशी नाही ना उचलला मी..."

टिकटिक आली. वहिनींनी फोन कानाला लावला. वाजलेला नव्हता, तरी लावला. आणि म्हणाल्या, "अहो, ऐकतेय मी. बोला ना..."

घरघर तुटली. त्या फोन कानाला लावून तशाच बसल्या होत्या.

मी उतरलो, खण उघडला, जुना फोन काढला. गाडीतल्या लायटरला चार्जर जोडून तो लावला. पाच पंचेचाळीसची टिकटिक येऊन गेली. फोन जिवंत व्हायला वेळ लागला. टॉवरची एकही काडी नव्हती, कंपनीनं तो नंबर केव्हाच बंद केला होता. मी मिस्ड कॉलची यादी उघडून फोन त्यांच्या हातात दिला. तेवढ्यात पाच छपन्नची टिकटिक सुरू झाली आणि वहिनी पडद्यावर तोच आकडा वाचत होत्या.

मग मी सगळं सांगितलं. डबा, झाकण, मागची खोली, कडी. मनात काय म्हणालो तेही सांगितलं. काही हातचं राखलं नाही.

वहिनींनी ती यादी पुन्हा एकदा वाचली. मग त्यांचा हुंदका फुटला. "म्हणजे मला नव्हता लावला."

"नाही, वहिनी. तिन्ही वेळा मलाच."

"मी रोज रात्री... दोन महिने..." त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. "पाच मिनिटांवर होतात तुम्ही."

"हो."

"आणि झाकण लावलंत."

"हो."

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्या समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत राहिल्या. मीही बसून राहिलो. उतरायचा मला हक्क नव्हता. मनात मात्र, लाज वाटते सांगायला, थोडं हलकं वाटत होतं. वाटलं, आता आवाज थांबेल. बोल्ट घासून झाला. बाहेर सावल्या लांब झाल्या, समोरचा दुकानदार शटर ओढून गेला. वहिनींनी घड्याळ बघितलं, किल्ली लावायला हात पुढं केला.

आणि पुन्हा टिकटिक आली.

सहा वीस.

ही कधी ऐकली नव्हती आम्ही. एरवी तिसरी झाली की मी दुकान बंद करून पळायचो, आणि वहिनी सहाच्या आत घरात असायच्या. टिट्टिट्... टिट्टिट्... मग घरघर. मी मनातल्या मनात आकडे मोजायला लागलो. तीस झाले. चाळीस. साठ. घरघर तुटेना.

"ही थांबत का नाही?" वहिनींनी विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं. फोन उचलला नाही तर ती अर्ध्या मिनिटात तुटते. तुटली नाही याचा अर्थ...

"भावजी?"

"हा... उचललेला फोन आहे, वहिनी. बोलणं चालू आहे."

त्यांनी मांडीवरचा माझा फोन उचलला. मिस्ड कॉलच्या यादीतून बाहेर आल्या, एकेक बटण दाबत खाली गेल्या. आलेल्या, उचललेल्या फोनची यादी वेगळी असायची तेव्हा. तिथं मी कधी बघितलंच नव्हतं. कशाला बघू? मी उचललाच नव्हता.

त्यांनी पडदा माझ्यासमोर धरला. सगळ्यात वरती होतं, 'दादा'. तारीख तीच. सहा वीस. नऊ मिनिटं.

"मी नाही," मी म्हणालो. "वहिनी, शपथ घेतो... फोन डब्यात होता. मागच्या खोलीला कडी होती. मी इथं बाकावर एकटा..."

"कागदावर सहा दहा लिहिलंय." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "चुकलं असेल डॉक्टरांचं घड्याळ. नऊ मिनिटं बोललात तुम्ही त्यांच्याशी."

"नाही हो!"

"आधी म्हणालात फोनच आला नाही. मग म्हणालात आला, पण उचलला नाही. आता म्हणता, मी नव्हे." त्या दाराच्या स्पीकरकडे वाकल्या. घरघर चालूच होती, त्यांनी स्पीकरला कान लावला. आणि तसंच, कान न काढता, माझ्याकडे बघून विचारलं,

"काय म्हणाले ते?"

सहा एकोणतीसला घरघर थांबली. त्यानंतर त्या गाडीत तो आवाज कधीच आला नाही, असं वहिनींनीच एकदा निरोप धाडून कळवलं. त्याच निरोपात पुन्हा तो प्रश्न होता. इतकी वर्षं झाली, त्या माझ्याशी बोलत नाहीत. समोर आल्या की थांबतात, वाट बघतात आणि निघून जातात. कधी वाटतं, काहीतरी रचून सांगावं. तुमची आठवण काढली म्हणावं. पण एका खोट्यानं एवढं झालं, दुसरं खोटं जिभेवर येत नाही.

दादानं गेल्यानंतर फोन केला, हे मी एक वेळ मानतो. त्याचा स्वभावच तसा, अर्धं काम सोडायचा नाही. पण त्या कडी लावलेल्या खोलीत, बंद डब्यात, त्याच्या हाकेला ओ कुणी दिली? नऊ मिनिटं माझ्या जागी कोण बोललं त्याच्याशी? दादाला तर वाटलं असणार, धाकटाच बोलतोय. आणि त्या कुणीतरी त्याला काय काय सांगितलं असेल...